'लेमन्स'चा बाजार आणि भंडाऱ्यातलं जुनं लेथ

पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस. विषयात कुठेही 'जुनी वस्तू', 'सेकंड-हँड', 'वापरलेली मशिनरी' असे शब्द आले की साहित्याच्या आढाव्यात एक नाव हमखास येतं: जॉर्ज अकरलॉफ, १९७०, 'द मार्केट फॉर लेमन्स'. बहुतेक वेळा एकाच वाक्यात. जुन्या मालाच्या बाजारात विकणाऱ्याला माहिती जास्त, घेणाऱ्याला कमी, म्हणून वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो. कंसात नाव, कंसात वर्ष, पूर्णविराम, पुढचा परिच्छेद.

आज या एका वाक्यावरच बोलायचं आहे. पेपर मोठा आहे यात वादच नाही. २००१ साली अकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ या तिघांना मिळालेल्या नोबेलच्या मुळाशी याच प्रकारचं काम होतं. माझी तक्रार दोन पदरी आहे. एक म्हणजे आपण तो पेपर न वाचता वापरतो. दुसरी अशी की वाचून, समजून वापरला तरी वर्कशॉपमधल्या जुन्या मशीनच्या बाबतीत तो आपल्याला चुकीच्या माणसाकडे बघायला लावतो. दुसरी तक्रार जास्त महत्त्वाची आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचायचं तर पहिलीवरून जावं लागेल.

माझं स्वतःचं काम भंडारा जिल्ह्यातल्या छोट्या वर्कशॉपवर आहे. नागपूर-रायपूर महामार्गाला लागून भंडारा, लाखनी, साकोली अशी गावं येतात. तिथली वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनची दुकानं, ट्रॅक्टर-थ्रेशरची दुरुस्ती करणारे, तुमसरकडच्या धान गिरण्या, भंडारा शहरातलं पितळेचं काम. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. मशीन कुठून आणलं असं विचारलं की उत्तरात शोरूम क्वचितच येते. कोणाचा तरी बंद पडलेला कारखाना येतो, कोणाचा तरी लिलाव येतो, नाहीतर कोणाचे तरी साळे येतात.

आता पेपर. 'लेमन' म्हणजे अमेरिकन बोलीत खटारा गाडी, आपल्या लिंबाचा इथे काही संबंध नाही. युक्तिवाद लेथवर मांडून बघू (आकडे माझे, समजण्यापुरते). समजा, बाजारात १,००,००० च्या लायकीची लेथ आहेत, ४०,००० च्या लायकीची आहेत, आणि मधल्या सगळ्या दर्जांची आहेत. बाहेरून सगळी सारखीच दिसतात. घेणारा सरासरी धरतो आणि ७०,००० म्हणतो. एक लाखवाला मालक म्हणतो, राहू द्या, माझ्याकडेच बरं आहे. तो निघून गेला. आता उरलेल्यांची सरासरी उतरली, घेणाऱ्याचा भाव उतरला, म्हणून मधला मालकही निघाला. असं होत होत बाजारात फक्त डबडी उरतात, किंवा बाजारच उरत नाही.

पेपरातलं गणित याहून कडक आहे आणि ते तुम्ही एकदा हाताने सोडवून बघाच. गाड्यांची गुणवत्ता ० ते २ मध्ये सारखी पसरलेली आहे. घेणाऱ्या गटाला तीच गाडी विकणाऱ्यापेक्षा दीडपट मोलाची वाटते. म्हणजे व्यवहार झाला तर दोघांचंही भलं. तरी होतं काय, की भाव जो काही असेल त्या भावाला बाजारात येणाऱ्या गाड्यांची सरासरी गुणवत्ता त्या भावाच्या निम्मीच असते. निम्म्याला दीडने गुणलं तर पाऊण. पाऊण किमतीच्या मालाला पूर्ण भाव कोण देणार? कोणताही भाव घ्या, एकही गाडी विकली जात नाही. तीन नियतकालिकांनी हा पेपर परत केला होता, हेही माहीत असू द्या. पहिला नकार आला की उपयोगी पडतं.

पण याच पेपरात सुरुवातीलाच अकरलॉफ सांगून टाकतात की मोटारींचा बाजार त्यांनी निवडला तो समजायला सोपा म्हणून, महत्त्वाचा किंवा वास्तवदर्शी म्हणून नव्हे. त्यांचा खरा रोख विमा, कर्ज, नोकरभरती अशा गोष्टींवर आहे. आणि शेवटाकडे ते हमी, ब्रँड, लायसन्स या व्यवस्थांची यादी देतात, ज्यांच्यामुळे बाजार कोसळत नाही. म्हणजे 'अकरलॉफ यांच्या मते जुन्या मालाचा बाजार मोडतो' असं सिनॉप्सिसमध्ये लिहिणं हा लेखकावर अन्याय आहे. त्यांचं म्हणणं असं की अमुक अटी असतील तर मोडेल. मोडलेला दिसत नसेल तर तो कशाने सावरला ते शोधा. संशोधकाला दिलेलं हे आमंत्रण आहे, आणि आपण त्याचा निष्कर्ष करून टाकतो.

तर मग भंडाऱ्यात शोधू. अट पहिली: घेणाऱ्याला गुणवत्ता कळत नाही. लेथच्या बाबतीत हे कितपत खरं?

जुनं लेथ बघायला गेलेला जाणता माणूस काय करतो ते नीट बघा, कारण ही तुमच्या विषयातली खरी ज्ञानपद्धती आहे. तो आधी रंगाकडे बघतो. ताजा रंग असेल तर संशय वाढतो. मग बेडवर, चकच्या जवळच्या भागावर बोट फिरवतो. बहुतेक कामं आखूड असतात, त्यामुळे कॅरेज त्याच पट्ट्यात मागेपुढे होतं आणि बेड तिथेच जास्त झिजतो. टेलस्टॉककडचा भाग त्या मानाने कोराच राहतो. झीज लपवायला कोणी चकजवळ कॅरेज कसून ठेवलं असेल, तर ते टेलस्टॉककडे ढकलल्यावर जाम होतं. हे एवढं ढकलून बघायला अर्धा मिनिट लागतो. मग चकमध्ये गज धरून तो वर उचलून बघतात, स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये प्ले किती ते हाताला लागतं. क्रॉस स्लाइडचं हँडल उलटसुलट फिरवून मोकळं किती फिरतं ते बघतात. आटे पाडायचे चेंज गिअर सगळे आहेत का मोजतात, कारण संचातला एक गिअर हरवला असेल तर तो जुळवून आणणं म्हणजे महिनाभराची कटकट. शेवटी मशीन चालू करून एक गज कातायचा आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावायचा. दोन टोकांच्या मापात फरक आला की बेड आणि टेलस्टॉकची कुंडली समोर.

यातलं काहीही मालक लपवू शकत नाही, जोवर मशीन चालवून बघायला मिळतं आहे. मोटार रिवाइंड केलेली आहे का, गिअरबॉक्स कधी उघडला होता, अशा दोन-चार गोष्टी राहतात. पण 'एकाला माहीत, दुसऱ्याला नाही' ही अकरलॉफची स्वच्छ फाळणी इथे बसत नाही. कित्येकदा उलटंच असतं. विकणारा वारस असतो, वडिलांचा धंदा त्याने कधी केलेला नसतो, आणि घेणाऱ्या मिस्त्रीला त्या मशीनबद्दल मालकापेक्षा जास्त कळतं. मग फसतो कोण?

कामाच्या गाड्यांवर अशी एक परीक्षा झालेलीही आहे. एरिक बाँड यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांची आकडेवारी घेतली आणि विचारलं: सेकंड-हँड घेतलेल्या ट्रकांना, पहिल्याच मालकाकडे राहिलेल्या ट्रकांपेक्षा जास्त दुरुस्ती लागते का? लागत नाही, असं त्यांना आढळलं. त्यावर पुढे वाद झाले, ते शोधून वाचा. पण साहित्याच्या आढाव्यात अकरलॉफ आहे आणि बाँड नाही, असं दिसलं की परीक्षकाला कळतं की तुम्ही पेपर वाचलेला नाही, कोणाच्या तरी प्रबंधातून उचलला आहे.

अट दुसरी: भाव खाली जातच राहतो. हे पितळनगरीत कोणाला सांगू नका. भंडारा हे नावच 'भाना', म्हणजे पितळेचं भांडं, यावरून आलं अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. इथल्या प्रत्येकाला 'मोड' माहीत आहे. जुनं भांडं दुकानात नेलं की त्याचा आकार, नक्षी, आजीचं कोरलेलं नाव, कशालाच किंमत नाही. वजन करायचं आणि मोडीचा भाव लावायचा. लेथलाही मोड आहे. त्याचा बेड बिडाचा असतो, अख्खं मशीन कित्येक क्विंटल भरतं, आणि बिडाला भंगारात भाव असतो. म्हणून प्रत्येक जुन्या मशीनला दोन किमती असतात: चालू म्हणून एक आणि किलोवर एक. दुसरीच्या खाली पहिली कधी जात नाही. विकणारा आणि घेणारा दोघंही मनात हा हिशेब करूनच बोलायला बसतात. अकरलॉफच्या आलेखात ही जमीन नाही, त्यामुळे त्यांचा भाव शून्यापर्यंत घसरू शकतो.

इथे मला क्लिफर्ड गीर्ट्झ जास्त उपयोगी वाटतात. १९७८ चा त्यांचा छोटासा लेख आहे, 'द बझार इकॉनॉमी', मोरोक्कोतल्या सेफ्रू गावाच्या बाजारावर. पाचच पानांचा आहे, एका बैठकीत होतो. त्यांचं म्हणणं असं की बाजारात माहिती कमी असते, विखुरलेली असते, आणि सगळ्यांना हे माहीत असतं. म्हणून लोक दोन गोष्टी करतात. ठरावीक माणसांशीच व्यवहार बांधून ठेवतात आणि घासाघीस करतात. शोध कसा घ्यायचा याचेही दोन प्रकार ते अल्बर्ट रीस यांच्याकडून घेतात. नवी गाडी घ्यायची तर दहा दुकानांत भाव विचारायचा. जुनी घ्यायची तर एकाच गाडीला खोदून खोदून तपासायचं. पहिला शोध आडवा, दुसरा खोल. लेथचं वर जे वर्णन केलं ते हेच. 'तुम्ही किती ठिकाणी चौकशी केली?' हा प्रश्नावलीतला लाडका प्रश्न म्हणूनच इथे वाया जातो. उत्तर 'एकच' येतं आणि तुम्ही एस.पी.एस.एस. मध्ये 'कमी माहिती असलेला ग्राहक' म्हणून नोंद करून मोकळे होता.

आणि मग मिस्त्री. मशीन बघायला जाताना मालक एकटा जात नाही, मिस्त्रीला सोबत नेतो. गाडीभाडं, जेवण, वर काहीतरी हातावर. अकरलॉफच्या यादीतली हमी आणि ब्रँड यांची जागा इथे या माणसाने घेतलेली आहे. तो खरा बोलतो का? कधी कधी दोन्हीकडून दलाली घेतो, हेही सर्वांना ठाऊक असतं. तरी त्याला नेतात, कारण उद्या मशीन बिघडलं तर दुरुस्तीला त्यालाच यायचं आहे. चुकीची शिफारस त्याच्याच माथी येते. (मिस्त्रीवर वेगळा प्रबंध व्हायला हवा. कोणी घेत असेल तर जरूर घ्या.)

इथपर्यंत बाजाराची बाजू झाली. सरकारची बाजू बघितली तर गंमत अशी की धोरणांनी अकरलॉफचा तो एका वाक्यातला अवतारच खरा मानलेला दिसतो. लघुउद्योगांना यंत्रं सुधारायला भांडवली अनुदान देणारी एक केंद्रीय योजना होती, २००० साली आलेली, २००५ मध्ये सुधारलेली: १५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १५ लाख. तिच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की सेकंड-हँड यंत्रं घेऊन सुधारणा करणाऱ्याला ती लागू नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातही जादा घसारा मिळायचा तो नव्या यंत्रावर. आधी दुसऱ्या कोणी वापरलेलं यंत्र त्यातून वगळलेलं. आता साकोलीतला एखादा वेल्डर हातड्रिल आणि कानशीवरून पंचवीस वर्षं जुन्या लेथवर आला, तर त्याच्या कामाच्या दृष्टीने ती केवढी उडी आहे! पण कागदावर ती सुधारणा नाही. 'नवं' या शब्दाचे दोन अर्थ असतात, जगाला नवं आणि त्या माणसाला नवं. धोरण पहिलाच अर्थ धरतं.

व्याख्याही बघा, कारण तुमचा नमुना व्याख्येवरच ठरतो. सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा २००६ चा कायदा वर्गवारी करायचा ती यंत्रांतल्या गुंतवणुकीवरून, आणि हिशेब मूळ किमतीने, यंत्र नवं असो की जुनं. मूळ किंमत कोणाची? पहिल्या मालकाने दिलेली, की याने दिलेली? वाचणारा अडतो. २०२० च्या अधिसूचनेत भाषा बदलली: विवरणपत्र नसलेल्या नव्या उद्योगासाठी खरेदीचं म्हणजे इन्व्हॉइसचं मूल्य, पहिल्या हाताने घेतलेलं असो की दुसऱ्या, तेही स्वतः जाहीर केलेलं. वाक्य स्पष्ट झालं, पण इन्व्हॉइस आणायचं कुठून? वारसाने मिस्त्रीला विकलेल्या लेथचं बिल बहुधा नसतं. असते ती कच्ची चिठ्ठी किंवा तोंडी बोली आणि बयाणा. उद्यम नोंदणीतल्या गुंतवणुकीच्या आकड्यावर रिग्रेशन चालवायच्या आधी हे लक्षात ठेवा. तो आकडा वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो कसा तयार झाला ते विचारा एवढंच.

आता मूळ तक्रारीकडे.

अकरलॉफ असोत की गीर्ट्झ, दोघांच्या बाजारात माणसं दोनच आहेत. विकणारा आणि घेणारा. कोणाला काय माहीत, कोण कोणाला फसवतो, सगळं या दोघांत. वर्कशॉपचं मशीन मात्र घेणारा एक आणि चालवणारा दुसरा. मालक घेतो, हेल्पर चालवतो. सौदा होतो तेव्हा हेल्पर तिथे नसतो. कित्येकदा तो नोकरीलाच नंतर लागतो.

जुन्या मशीनवरून सगळ्यांत आधी काय हरवतं, सांगा बघू? बेड नाही, गिअर नाही. हरवतात कव्हर आणि गार्ड. पट्ट्यावरचं झाकण, ग्राइंडरचं चाक झाकणारा पत्रा, चकवरचं कवच, प्रेसचा दोन्ही हातांनी दाबायचा स्विच. कधी दुरुस्तीला उघडलं आणि परत लावलंच नाही, कधी काम पटपट व्हावं म्हणून काढून टाकलं. आणि हा दोष अजिबात लपलेला नसतो! उघड्या डोळ्यांना दिसतो. घेणारा तो दाखवतो, 'कव्हर कुठे आहे भाऊ? मग थोडं कमी करा,' विकणारा कमी करतो, हात मिळवतात. सौद्यात दोन्ही बाजूंना पूर्ण माहिती होती, भावही बरोबर लागला. अकरलॉफच्या मोजपट्टीने हा निर्दोष व्यवहार आहे. फक्त कव्हरच्या बदल्यात सुटलेले पैसे मालकाच्या खिशात गेले आणि उघडा पट्टा हेल्परच्या हाताशी आला.

म्हणून माझं म्हणणं असं: जुन्या मशीनच्या बाजारात माहितीची खरी दरी विकणारा आणि घेणारा यांच्यात शोधू नका. ती सौदा करणारे आणि मशीनवर उभा राहणारा यांच्यात आहे.

यावर अर्थशास्त्राचे विद्यार्थी लगेच हात वर करतील. याला बाह्य परिणाम म्हणतात, यात नवीन काय? किंवा, धोक्याच्या कामाला मजुरी जास्त मिळते हे तर अॅडम स्मिथनेच १७७६ मध्ये लिहून ठेवलंय. दोन्ही आक्षेप घ्यायला हवेत. पहिल्याबद्दल: कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या अंगणात जातो तसा हा धोका बाजाराबाहेर जात नाही. हेल्पर त्याच छताखाली पगारावर आहे, त्याच्याशी करार आहे. दुसऱ्याबद्दल: मजुरीत धोक्याची भरपाई व्हायची तर मजुरी ठरताना धोका माहीत असावा लागतो. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच लेथजवळ येतो तेव्हा गार्ड नसलेलं लेथ हेच त्याच्या लेखी लेथ असतं. जे कधी बघितलंच नाही ते हरवलंय हे कसं कळणार?

कायद्याने हा माणूस बघितला होता, हे विशेष. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम २६ वाचा. मथळ्यात नव्या यंत्रांवर कवच असावं असं म्हटलंय, पण मजकूर सांगतो की अधिनियम लागू झाल्यानंतर कारखान्यात बसवलेल्या, पॉवरवर चालणाऱ्या सगळ्या यंत्रांना ते लागू. म्हणजे यंत्र जुनं असलं तरी बसवणं नवं असतं. (मथळा आणि मजकूर वेगळं बोलतात तेव्हा मजकूर धरायचा, ही सवय लावून घ्या.) पुढचं पोटकलम तर थेट विकणाऱ्याला धरतं: कारखान्यात वापरासाठी असं उघडं यंत्र विकलं, भाड्याने दिलं किंवा दलाल म्हणून विकवून दिलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दलालसुद्धा! आपला मिस्त्री यात येतो.

मग अडलं कुठे? 'कारखाना' या शब्दात. मूळ अधिनियमात पॉवर असेल तर १० कामगार, नसेल तर २०. या कायद्याची जागा घ्यायला आलेल्या २०२० च्या सुरक्षा संहितेत तेच आकडे २० आणि ४०. मालक, एक कारागीर आणि दोन हेल्पर यांचं दुकान कायद्याच्या लेखी कारखानाच नाही. त्यामुळे तिथलं जुनं मशीन अनुदानाच्या नियमाला सेकंड-हँड म्हणून दिसतं, उद्यम नोंदणीला गुंतवणूक म्हणून दिसतं, आणि सुरक्षेच्या कायद्याला दिसतच नाही. शेतीत १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे, तो मळणीयंत्र डोळ्यांसमोर ठेवून केलेला. त्यात बनवणाऱ्याला आणि विक्रीचा धंदा करणाऱ्याला लायसन्स लागतं. पण लाखांदूरच्या एका शेतकऱ्याने पाचव्या हंगामानंतर थ्रेशर दुसऱ्याला दिला, तर तो काही विक्रीचा धंदा करत नाही. हात बदलला की यंत्र कागदावरून उतरतं.

दुसऱ्या टोकाची मांडणीही तुम्हाला भेटेल आणि ती जास्त गोड आहे, म्हणून सावध करतो. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) हे सुंदर पुस्तक आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास शोध लागण्याच्या तारखांनी लिहू नका, वापराने लिहा, असं ते सांगतात. दुरुस्ती आणि देखभालीवर त्यात एक पूर्ण प्रकरण आहे. वाचाच. पण त्याच्या आठ प्रकरणांत वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यावर वेगळं प्रकरण नाही. आणि या पुस्तकाचे आपल्याकडचे चाहते दुरुस्तीच्या कौतुकात इतके रमतात की प्रत्येक वर्कशॉप 'जुगाडाची प्रयोगशाळा' होऊन बसतं. उघड्या पट्ट्यालाही त्यांच्याकडे कल्पकता म्हणतात.

अकरलॉफकडे परत येतो, कारण त्यांच्याच पेपरात एक जागा आहे जिथे ते तिसऱ्या माणसाच्या अगदी जवळ गेले होते. अप्रामाणिकपणाची किंमत सांगताना ते भारतातलं उदाहरण देतात: तांदळात मुद्दाम त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मिसळलेले असतात आणि गृहिणीला ते निवडत बसावं लागतं. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वाक्य चटकन लागतं. किमतीचा वाद दुकानदार आणि घरी पिशवी आणणारा यांच्यात होतो, सूप घेऊन बसते ती वेगळीच. पेपर मात्र तिला ग्राहक म्हणूनच मोजतो आणि पुढे जातो. तिचा अर्धा तास आणि हेल्परचं बोट एकाच रकान्यातल्या गोष्टी आहेत. तो रकाना पेपरात नाही.

हे पटलं असेल तर क्षेत्रकामात थोडे बदल करावे लागतील. 'मशीन कितीला घेतलं' याआधी 'आणायला कोण कोण गेलं होतं' हे विचारा. मिस्त्री त्यातूनच सापडतो. किमतीचा आकडा लोक सांगत नाहीत, सांगितला तरी गोल करून सांगतात, पण कशासाठी किती कमी केले ते मात्र रंगवून सांगतात. त्यात कव्हर आलं का ते ऐका. मशीनवरची पाटी वाचा आणि फोटो काढा. बटाला, राजकोट, हरिहर अशी गावं दिसतील. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना १९४१ चा, कंपनी बंद पडली तरी तिची लेथ चालू आहेत, मग सुटा भाग कुठून येतो हा पुढचा प्रश्न आपोआप तयार. पाटी खरवडलेली असेल तर तेही लिहून ठेवा. कागद हवेच असतील तर एम.एस.टी.सी.चे ई-लिलाव बघा. सार्वजनिक उपक्रमांची जुनी यंत्रं आणि भंगार त्यातून जातं, आणि आपल्या जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीज खाणी, जवाहरनगरची आयुध निर्माणी असे मोठे यंत्रधारक आहेत. लॉटच्या यादीत यंत्राचं वर्णन कसं केलंय, कव्हर-गार्डचा उल्लेख आहे की नाही, हे वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि हेल्परशी बोलायचं ते मालकासमोर नको. गार्डबद्दल तर नकोच. तुमच्या एका प्रश्नाने त्याची रोजी जाऊ शकते, आणि संमतीपत्रावर सही घेतली म्हणून ती जबाबदारी सुटत नाही. दुपारी दीडच्या सुमाराला डबे उघडतात, तेव्हा जा. आधी त्याने मशीन कसं शिकलं ते विचारा, बाकी तो स्वतःहून सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र टाळा. मळणीच्या दिवसांत थ्रेशर रांगेत उभे असतात आणि कोणाकडेच तुमच्यासाठी वेळ नसतो.